देव कसा आहे, हे वाचायला शिकवणारे भालेकर पाळकसाहेब

ऐंशीचे दशक संपत आले असताना माझी बदली पनवेलच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये झाली. पहिल्याच रविवारी आम्ही नवराबायको तिथल्या चर्चमध्ये उपासनेला गेलो. दारात उभे असलेल्या आनंदराव भालेकर पाळकसाहेबांनी आमची नावे विचारली आणि पुढच्या रविवारी ती न चुकता घेतली. आमची ओळख झाली ती अशी.

वर्षभराने आमची पहिली मुलगी जन्मली आणि काही तासांतच गेली. त्यानंतर चर्चच्या मंडळीत आलेले एक पाहुणे प्रवचनकार आमच्या घरी प्रार्थनेला बसले आणि सर्वांदेखत म्हणाले, "या घरात लपवलेलं पाप आहे. देवानं मला तसं दाखवलंय." मी उपासनेला जाणे सोडले.

हे कळताच पाळकसाहेब व त्यांच्या पत्नी घरी आले. मी चहासुद्धा विचारला नाही. सरळ म्हटले, "माझं पाप कोणतं, ते तुम्हाला तरी दाखवलंय का?"

"नाही," ते म्हणाले. "आणि सुनीताबाई, देव कसा आहे हे त्या पाहुण्यांच्या किंवा माझ्या अंदाजावर ठरवू नका. तो स्वतःविषयी काय सांगतो, ते वाचू."

त्यांनी शास्त्र, म्हणजे बायबल, उघडून माझ्याच हाती दिले. जन्मांध माणसाची गोष्ट होती. हा कोणाच्या पापामुळे आंधळा जन्मला, असे शिष्य विचारतात, आणि याच्याही नाही व आईबापांच्याही नाही, असे येशू सांगतो. तिथवर वाचून मी मान वर केली.

"मग माझी मुलगी का गेली?"

"ते इथं सांगितलेलं नाही, म्हणून मीही सांगणार नाही. पण मित्राच्या कबरेपाशी प्रभू रडला, ते सांगितलंय. त्यावरून देवाचं मन कळतं." मग त्यांनी विचारले, "मुलीचं नाव काय ठेवणार होता?" तोवर हे कोणीही विचारले नव्हते. "करुणा," मी म्हटले. त्यांनी तिचे नाव घेऊन प्रार्थना केली.

पुढच्या रविवारी त्यांनी व्यासपीठावरून सांगितले, "त्या घरात जे बोललं गेलं त्याला शास्त्राचा आधार नाही. पाहुण्यांना मी बोलावलं होतं, म्हणून क्षमा मी मागतो." काही कुटुंबे रागावून मंडळी सोडून गेली. पाळकसाहेब त्यांच्याही दारी गेले, पण शब्द मागे घेतला नाही. मी मात्र परत आले.

गुरुवारच्या शास्त्राभ्यासात, आपण काय करावे हे विचारण्याआधी या उताऱ्यात देव कसा दिसतो ते पाहा, असा त्यांचा आग्रह असे. शास्त्र समजणे हे हुशारीचे काम नाही, पवित्र आत्माच डोळे उघडतो, असे ते शिकवत. म्हणून आधी प्रार्थना आणि मग वाचन. कोन गावाहून येणाऱ्या एक आजी एकदा म्हणाल्या, "मी देवाला भिऊन व्हते. आता त्याची वलख झाली हाय." आजचा धडा आजींनीच दिला, असे म्हणून पाळकसाहेबांनी त्या दिवशी पुढे काही शिकवले नाही.

त्यांच्या साठीनिमित्त आम्ही सत्काराची गोष्ट काढताच ते म्हणाले, "सत्कार करा, पण माझ्याकडून चुकीचं शिकवलं गेलं तर वयाकडे पाहून गप्प बसू नका." पाळकसाहेब, आम्ही गप्प बसणार नाही. देव आपल्याला निरोगी दीर्घायुष्य देवो, आणि आपल्यासमोर शास्त्र उघडून बसण्याचे पुष्कळ गुरुवार आम्हाला देवो.