चेहऱ्यावरचे भाव

वहिनींना सगळी गल्ली 'तेलवाल्या वहिनी' म्हणायची, आणि त्यामुळे नव्या माणसाचा हमखास घोळ व्हायचा. एकदा वरच्या मजल्यावर नव्यानं राहायला आलेली बाई रिकामी बरणी घेऊन दारात उभी राहिली. वहिनींनी तिला आत बसवलं, चहा दिला आणि सांगितलं, "अहो, ते तेल नव्हे. जमिनीखालचं. आणि मी ते विकत नाही, देशात किती निघालं ते मोजते. मोजतसुद्धा नाही म्हणा, दुसऱ्यांनी मोजलेलं एकत्र करते." बाईंनी मान डोलावली, चहा संपवला, बरणी उचलली आणि उंबऱ्यावरून वळून विचारलं, "मग पेट्रोल कधी उतरणार?"

संख्याशास्त्राची पदवी घेऊन वहिनी तेल खात्यात लागल्या, तेव्हा त्यांच्या केसांत एकही पांढरी बट नव्हती. काम ऐकायला सोपं. प्रत्येक तेलक्षेत्राकडून आठवड्याचा आकडा मागवायचा, सगळ्यांची बेरीज करायची आणि बुधवारी दुपारी ती साहेबांच्या सहीनं जाहीर व्हायची. पण एक क्षेत्र पिंपांत मोजणार, दुसरं टनांत. कुणाचं मीटर बिघडलेलं, कुणाचा माणूस रजेवर. विहिरीतून तेल काही एकटं येत नाही, सोबत पाणी घेऊन येतं, आणि जुन्या क्षेत्रांत तर पाणीच जास्त. एखादा दमलेला कारकून पाण्यासकट आकडा कळवायचा. मग फोन. सकाळपासून फोनच फोन. पूर्वी त्या खोलीत तिघं होती. दोघं निवृत्त झाली, त्यांच्या जागा भरल्या नाहीत, आणि त्यांचे फोनही वहिनींच्याच टेबलावर येऊन बसले.

आकड्याला वजन होतं. देशाला पुरेल एवढं तेल घरच्या विहिरींतून निघत नव्हतं, उरलेलं बाहेरून विकत घ्यावं लागे. घरचा आकडा खाली आला की आता बाहेरून जास्त घ्यावं लागणार, हे व्यापाऱ्यांना कळायचं, आणि संध्याकाळपर्यंत घाऊक भाव चढायचा. दुसऱ्या दिवशी पंपावरची पाटी बदलायची. मग टेम्पोचं भाडं, मग भाजी, मग न्हाव्याची दाढी. न्हाव्याच्या वस्तऱ्याला डिझेल लागत नाही हे खरं, पण महागाईच्या गर्दीत तोही आपला हात धुऊन घ्यायचा. पुढं कधी तेल उतरलं तरी ही मंडळी काही उतरत नसत.

म्हणून बुधवारपर्यंत आकडा वहिनी आणि साहेब या दोघांतच राहायचा. इतक्या वर्षांत वहिनींनी घरी चकार शब्द काढला नव्हता. नवऱ्यानं कधी विचारलंही नाही. ते छापखान्यात यंत्रावर होते. दुसऱ्यांच्या बातम्या छापून छापून त्यांना बातमीचाच वीट आला होता.

विचारायचे ते धाकटे दीर. तळमजल्यावर राहायचे, दोन टेम्पो होते, दुकानांचा माल आणि फर्निचर वाहायचे. तोंड टेम्पोपेक्षा जोरात चालायचं. दर मंगळवारी संध्याकाळी ते वर चहाला यायचे आणि कपात फुंकर मारत म्हणायचे, "वहिनी, आकडा नकाच सांगू. फक्त एवढं सांगा, टाकी आज भरू की उद्या?"

"भावजी, रिकामी झाली की भरा."

दोघं हसायची. हा खेळ वर्षानुवर्षं चालला होता.

त्या वर्षी मात्र वहिनी दमायला लागल्या. जिना चढताना मधल्या वळणावर थांबायच्या आणि कुणी बघितलंच तर पिशवीत किल्ली शोधायच्या. दुपारी फोन कानाला लावला की हात जड व्हायचा. वय झालं, काम वाढलं, असं म्हणून त्यांनी बरेच महिने ढकलले. आकडाही दर आठवड्याला थोडा थोडा घसरत होता. वर्तमानपत्रवाले असे बोलायचे, की जणू वहिनींनीच विहिरींचे नळ बंद केलेत.

शेवटी एका सोमवारी त्या ऑफिसातून लवकर निघून डॉक्टरीणबाईंकडे गेल्या. डॉक्टरीणबाईंनी तपासलं, रक्त बघितलं आणि चष्मा काढून ठेवला. "या अवस्थेत तुम्ही जिने चढता? अंगात रक्त कितीसं उरलंय तुमच्या?" गर्भाशयात गाठी होत्या, आणि सगळं रक्त त्यांच्यापायी जात होतं. शस्त्रक्रिया करावी लागणार होती. गाठी साध्याच आहेत की आणखी काही, ते तपासायला पाठवलं होतं. उत्तर यायला आठवडा जाणार होता.

वहिनींनी घरी सांगितलं नाही. छापखान्यात माणसं कमी करत होते, नवरा दोन दोन पाळ्या करून जागा टिकवत होता. आधी कळू दे, मग सांगू, असं त्यांनी ठरवलं.

मंगळवारी संध्याकाळी दीर नेहमीसारखे आले. नेहमीच्या खुर्चीत बसले, कपात फुंकर मारली आणि म्हणाले, "मग वहिनी, टाकी आज भरू की उद्या?"

वहिनींचे डोळे भरून आले. त्या उठल्या आणि आत जाऊन नळ सोडून उभ्या राहिल्या.

दिरांनी कप खाली ठेवला. क्षणभर त्यांना वाईट वाटलं असेल, नाही असं नाही. पण दुसऱ्याच क्षणी त्यांच्या डोक्यात दिवा पेटला. ज्या बाईनं इतकी वर्षं ताकास तूर लागू दिली नाही, ती रडते म्हणजे आकडा किती भयंकर असेल! ते जिना उतरले ते थेट टेम्पो घेऊन पंपावर. टाकी भरून घेतली, वर दोन पिंपं भरली. पंपावरच्या माणसानं विचारलं, "काय शेठ, लग्नाची वरात आहे का?" दीर त्याच्या कानाशी लागले. "चेहऱ्यावरचे भाव बघून आलोय आमच्या वहिनींच्या. बाजारातले भाव कळायला आणखी काय पाहिजे? पण कुणाला बोलू नकोस."

'कुणाला बोलू नकोस' म्हटलेली गोष्ट जेवढी पळते, तेवढा टेम्पोसुद्धा पळत नाही. अंधार पडायच्या आत पंपावर स्कूटरींची रांग लागली. कुणी डबे आणले, कुणी घासलेटचे जुने कॅन. एकानं तर आंघोळीची बादली आणली, ती मात्र पंपवाल्यानं परत पाठवली. बातमी पुढच्या चौकात गेली, तिथून पुलापलीकडे.

बुधवारी सकाळी वहिनी ऑफिसला निघाल्या तेव्हा रांग कोपऱ्यावरून वळून शाळेच्या फाटकापर्यंत आली होती. वहिनींना वाटलं, कुठं अपघात झाला. त्यांनी रांगेतल्या एका टोपीवाल्या गृहस्थांना विचारलं.

"तुम्हाला कळलं नाही?" ते म्हणाले. "आज तेलाचा आकडा फार वाईट येतोय. त्या खात्यातली कुणी बाई आहे, ती काल घरी ढसाढसा रडली म्हणे. ऊर बडवून."

वहिनी तिथंच उभ्या राहिल्या. आपले दोन थेंब एका रात्रीत वाढून परक्या माणसाच्या तोंडून आपल्यालाच परत मिळत होते. त्यांनी नुसती मान हलवली आणि बसथांब्याकडे वळल्या.

ऑफिसात साहेब वाटच बघत होते. साहेब वाईट नव्हते, पण वरून फोन आला की त्यांचं पाणी पाणी व्हायचं, आणि त्या सकाळी वरून बरेच फोन आले होते.

"बाई, तुम्ही कुणाला काही बोललात?"

"नाही साहेब."

"मग हे काय चाललंय बाहेर?"

"मी रडले. दिरांनी बघितलं."

"आकड्यावरून रडलात?"

"आकडा चांगला आहे साहेब. या आठवड्यात वर गेलाय. समुद्रातली नवी विहीर सुरू झाली ना."

साहेबांनी समोरचा कागद बघितला. खरंच वर गेला होता. ते गोंधळून म्हणाले, "मग रडायचं काय कारण?"

जी गोष्ट नवऱ्याला सांगितली नाही, ती साहेबांना कशी सांगायची? वहिनी म्हणाल्या, "घरचं होतं."

साहेबांनी सुस्कारा सोडला. चौकशी करावी लागेल, तोवर तुम्ही आकड्याला हात लावू नका, असं ते जमिनीकडे बघत म्हणाले. वहिनींच्या जागी शेजारच्या विभागातली एक मुलगी बसवली, आणि वहिनींना बाहेर, बाकावर नव्हे पण जवळजवळ बाकावरच, एका रिकाम्या टेबलाशी जागा दिली.

लोकांचा धीर सुटू नये म्हणून आकडा त्या दिवशी सकाळीच जाहीर केला. उत्पादन वाढलंय, काळजीचं कारण नाही. पण तोवर अर्ध्या शहरातले पंप कोरडे पडले होते. ते भरायला घाईनं माल उचलावा लागला, आणि घाई दिसली की व्यापारी भाव वाढवतोच. संध्याकाळपर्यंत आकडाही वर आणि भावही वर, असा चमत्कार झाला. जन्मभर दोन्ही उलट दिशेला जाताना पाहिलेल्या वहिनींना त्याचं हसूही आलं नाही, इतक्या त्या दमल्या होत्या.

त्याआधी दुपारी, जेवणाच्या सुट्टीत ती मुलगी बाहेर आली. "ताई, उत्तरेकडून फोन आहे. कालचा आकडा पुन्हा ताडून दिला त्यांनी, पण तुमच्याशी बोलायचंय म्हणतात."

उत्तरेचं क्षेत्र देशातलं सगळ्यात जुनं. तिथला नोंद ठेवणारा माणूस आकडा सांगण्याआधी दर वेळी खोकायचा, म्हणून ऑफिसात त्याला खोकलेबुवा म्हणत. वहिनींनी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. इतक्या वर्षांत दोघांत आकड्यापलीकडे फारसं बोलणंही झालेलं नव्हतं.

"ताई," बुवा म्हणाले, "आज दुसरा आवाज ऐकला म्हणून विचारतो. बरं नाही का?"

"आहे की बरी."

"नाही, बरेच दिवस विचारीन म्हणत होतो. आकडा परत म्हणून दाखवताना मध्येच तुम्हाला दम लागतो हल्ली. पूर्वी एका दमात म्हणायचात."

वहिनींनी भिंतीकडे तोंड केलं. आणि मग गाठी, रक्त, शस्त्रक्रिया, न आलेलं उत्तर, सगळं त्या माणसाला सांगून टाकलं.

"घरी सांगितलंत?"

"नाही."

"आज सांगा. आमच्या हिनंही सांगायला उशीर केला होता." बुवा खोकले. "ठेवतो आता. पण आज सांगा."

वहिनी तडक घरी आल्या. नवरा रात्रपाळी करून झोपला होता. खिडकीतून ऊन त्यांच्या पायांवर आलं होतं, नखांत शाई होती. वहिनी कडेला बसल्या. जाग आल्यावर त्यांनी विचारलं, "अगं, आज लवकर?" आणि वहिनींनी सांगितलं.

ते उठून बसले. "मला का नाही बोललीस?"

"तुम्ही विचारलंत कुठं?"

बोलून गेल्यावर वहिनींनाच ते कठोर वाटलं. पण ते रागावले नाहीत. सावकाश म्हणाले, "तुझ्या कामाचं विचारायचं नाही म्हणून गप्प राहायचो. मग हळूहळू सगळंच विचारायचं राहून गेलं बघ."

संध्याकाळी दीर आले. खुर्चीत बसले नाहीत, दाराच्या चौकटीला धरून उभे राहिले. भावानं त्यांना खालीच सगळं सांगितलं होतं. शिवाय त्यांचंही नुकसान झालं होतं. आतली खबर आहे या गुर्मीत त्यांनी सकाळीच फर्निचरवाल्याला वाढीव भाडं सांगितलं, आणि त्यानं काम दुसऱ्याला दिलं. तेलही गेलं, तूपही गेलं.

"वहिनी, चुकलं माझं. मला वाटलं, तेलाचंच काहीतरी."

"भावजी," वहिनी म्हणाल्या, "इतकी वर्षं डोळ्यांत तेल घालून माझ्याकडे बघितलंत. मग दुसरं काय दिसणार?"

दीर हसायला गेले आणि रडले. मोठा आडदांड माणूस, शर्टाच्या बाहीनं नाक पुसत राहिला. वहिनींना त्यांची समजूत काढावी लागली, आणि तेही एक कामच होऊन बसलं.

तपासणीचं उत्तर चांगलं आलं. गाठी साध्या होत्या. शस्त्रक्रियेच्या दिवशी दिरांनी टॅक्सी करू दिली नाही. टेम्पोत पुढच्या सीटवर घरातल्या सगळ्या उशा रचल्या आणि बैलगाडीच्या वेगानं वहिनींना दवाखान्यात नेलं. मागचे लोक हॉर्न वाजवत होते, दीर खिडकीतून बाहेर डोकं काढून त्यांना दटावत होते. नवऱ्यानं एक पाळी सोडली. पगार कापला गेला, जागा राहिली.

चौकशीत काही निघालं नाही, निघण्यासारखं नव्हतंच. तरी साहेबांनी सावधपणा केला. वहिनी रजेवरून आल्या तेव्हा त्यांचं टेबल मागच्या खोलीत गेलं होतं. आता त्यांच्याकडे जुन्या वर्षांचे आकडे आले. कुठली विहीर कधी सुरू झाली, कधी आटली, ते नीट लावून ठेवायचं. त्या आकड्यांनी पंपावरची पाटी बदलत नाही. पहिले काही दिवस वहिनींना ते लागलं. बुधवारी भिंतीपलीकडे फोन वाजायला लागले की हात आपोआप पुढं व्हायचा. मग एका बुधवारी फोन वाजले आणि त्यांच्या लक्षातच आलं नाही.

अंगात ताकद यायला वेळ लागेल, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, आणि तो लागतोय. अजून जिन्याच्या वळणावर त्या थांबतात, फक्त आता किल्ली शोधत नाहीत. कठड्याला टेकून उभ्या राहतात.

नवरा घरी आला की हल्ली हातपाय धुऊन समोर बसतो आणि विचारतो, "कशी आहेस आज?" सवय नसल्यानं हे त्याला जरा अवघडच जातं. 'बरी आहे' एवढ्यावर तो उठत नाही, पुढं काहीतरी ऐकायला मिळेल म्हणून बसून राहतो. रोज काय सांगायचं, असा वहिनींना कधीकधी कंटाळा येतो. मग त्या पाठ दुखते म्हणून सांगतात, किंवा खिडकीची कडी ढिली झालीय म्हणून, किंवा नुसतंच, "थकलेय हो." आणि तो म्हणतो, "बरं. मग पड थोडी. चहा मी टाकतो."