अडतीस किलोमीटर

माझ्या दोन्ही नातवंडांनो,

मागच्या रविवारी व्हिडिओ कॉलवर तुम्ही विचारलंत, "आजी, आबांची ती मोठी मोटारसायकल किती जोरात पळायची?" मी म्हटलं, "ताशी साठ." तुम्ही दोघं इतके हसलात, की काय झालं ते बघायला तुमचे बाबा स्वयंपाकघरातून आले. मीही हसले. फोन ठेवल्यावर मात्र वाटलं की माझं उत्तर खरं असलं तरी अपुरं होतं, आणि अपुऱ्या उत्तराला मी शाळेत कधी पूर्ण गुण दिले नाहीत. शिवाय ती गाडी आता विकून टाकू असं तुमचे बाबा म्हणतात. अकोल्याला एक जण बघूनही गेला. म्हणून ती जाण्याआधी सगळं क्रमानं लिहून ठेवते. मराठीत लिहिते, कारण यातलं बोलणं मला इंग्रजीत लिहिता येणार नाही. अडेल तिथे बाबांना विचारा.

आबा पाटबंधारे खात्यात इंजिनिअर होते. नोकरीभर त्यांनी खात्याच्या जीपमधून प्रवास केला आणि घरी एक स्कूटर वापरली. पण लांब पल्ल्याच्या मोटारसायकलींची चित्रं असलेली मासिकं ते विकत आणायचे आणि माझ्या इस्त्रीच्या साड्यांखाली ठेवायचे. मला माहीत होतं. मी कधी विचारलं नाही. निवृत्तीनंतर सहा वर्षांनी, दसऱ्याच्या आधी, एक दिवस मी भाजी निवडत असताना ते समोर येऊन बसले आणि म्हणाले, "मी गाडी घेऊन राहिलो." म्हणजे घेतोय. नेहमी शुद्ध बोलणारे आबा महत्त्वाचं काही सांगायचं झालं की वऱ्हाडीत शिरायचे.

"कोणती गाडी?" मी विचारलं.

"स्पोर्ट टूरिंग."

म्हणजे काय ते त्यांनी मला मेथीच्या जुड्या मांडून समजावलं. शर्यतीच्या गाडीवर माणूस पार ओणवा होतो, प्रवासी गाडीवर खुर्चीत बसल्यासारखा बसतो, आणि ही दोन्हींच्या मधली. पुढे वारा अडवायला काच, मागे दोन्ही बाजूंना कपडे ठेवायच्या पेट्या, आणि मागच्या माणसाला धरायला कडी. "मागचा माणूस कोण?" मी म्हटलं. त्यांनी निवडलेली मेथी पुन्हा न निवडलेल्या ढिगात टाकली.

मी एकच अट घातली. पहिले हजार किलोमीटर नव्या इंजिनाला सांभाळून चालवावं लागतं, हे मला स्कूटरच्या वेळेपासून ठाऊक होतं. तेव्हा माझ्या वडिलांनी मला आणि आबांना बजावलं होतं, एका चालीनं, सावकाश, इंजिन बसेपर्यंत. मी म्हटलं, "हजार होईपर्यंत मी सांगेन तसं. तसं असेल तर मागे मी बसते." त्यांनी लगेच हात पुढे केला. इतक्या वर्षांच्या संसारात आम्ही पहिल्यांदा शेकहँड केला.

गाडी नागपूरहून आणली. गडद निळी, आणि माझ्या अंदाजापेक्षा बरीच उंच. चाकांखाली लिंबं ठेवली, मी कुंकवाचं स्वस्तिक काढलं, आणि शोरूममधल्या मुलीनं इंग्रजी पुस्तिका माझ्या हातात दिली, कारण प्रश्न मीच विचारत होते. त्या पुस्तिकेत एका पानावर चौकट होती: सुरुवातीला इंजिनाचे फेरे मिनिटाला चार हजारांच्या वर नेऊ नयेत. मी ते मोठ्यानं वाचलं. त्यात माझ्या पदरची भर घातली, ताशी साठ. आबा म्हणाले, "जशी आज्ञा, मास्तरीणबाई."

मी साडी सोडून लग्नानंतर पहिल्यांदा सलवार-कमीज घातला. हेल्मेटमधून बोलणं ऐकू येत नसे, म्हणून खुणा ठरल्या. त्यांच्या उजव्या खांद्यावर माझा हात. एकदा टिचकी म्हणजे बघा. दोनदा म्हणजे वेगाचा काटा साठच्या वर गेला, कमी करा. त्यांच्या खांद्यावरून मला तो काटा अगदी नीट दिसायचा. आता वाटतं, थोडा कमी दिसला असता तर बरं झालं असतं.

महिन्यातून एखाद्या रविवारी आम्ही अकोल्याला जायचो, माझ्या धाकट्या बहिणीकडे, म्हणजे तुमच्या मावशीआजीकडे. एकदा रिद्धपूरलाही जाऊन आलो. पण अकोल्याचा रस्ता आमचा झाला. बडनेरा सोडलं की दोन्ही बाजूंना कापूस आणि तूर, आणि मध्ये तो लांबच लांब सरळ रस्ता. त्या रस्त्यावरून आम्ही ताशी साठनं जायचो. आम्हाला एसटी मागे टाकायची, कापसाचे ट्रक मागे टाकायचे. एकदा झेंडूची पोती लादलेल्या स्कूटरवरचं एक जोडपं आमच्या बरोबरीला आलं. मागे बसलेली बाई ओरडली, "भाऊ, काई बिघडलं काय? थांबू काय?"

आबांनी हेल्मेटची काच वर केली. "नाई व बाई, बायको मागं आहे."

ती बाई पोत्यांवर रेलून हसली आणि स्कूटर पुढे निघून गेली. मी दोन टिचक्या मारल्या. काटा कुठेच गेला नव्हता, तरी मारल्या.

मूर्तिजापूरला आम्ही थांबायचो, इंजिन निवावं म्हणून. तिथे रस्त्याच्या कडेला एक बाई संत्री विकायची. आबा गाडीचे किती किलोमीटर झाले ते तिला सांगायचे, जणू तिनंच ते मोजायला सांगितले होते. ती दर वेळी म्हणायची, "हजार झाले की पेढे आणजा, बाबा. नाहीतर संत्रं देनार नाही." मग एक संत्रं सोलून माझ्या हातात द्यायची. हातमोजे काढून, थंडीत, गाडीला टेकून खाल्लेली ती संत्री. तशी आता घरी बसून लागत नाहीत.

मावशीआजी गच्चीतून आमची वाट बघायची. पहिल्या दिवशी ती खाली आली, गाडीभोवती फिरली आणि म्हणाली, "भाऊजी, हे गाडी हाय का घोडं हाय? आन् माई बहीण कावून अशी अंतराळवीरासारखी दिसून राहिली?"

"तिलेच विचार," आबा म्हणाले. "लगाम तिच्याच हाती हाय."

अशी ती थंडी गेली. मी आयुष्यात बरंच काही केलं आहे, पण कशाची वाट बघत मी आठवडे काढले असतील तर ती त्या रविवारांची. त्यांच्या जाकिटाला नव्या चामड्याचा वास यायचा. वारा काचेवरून वर जायचा आणि आम्हा दोघांच्या मध्ये थोडी ऊब राहायची. एवढ्या जवळ आणि एवढा वेळ न बोलता आम्ही घरात कधीच बसलो नव्हतो.

जानेवारीतल्या एका रविवारी मूर्तिजापूरला थांबलो तेव्हा मीटरवर नऊशे बावीस होते. पुढचा रस्ता मोकळा होता. आबांनी हेल्मेट घालता घालता विचारलं, "एकदा सोडू का जराशी? एकदाच. पाच मिनिटं."

"हजार झाले का?"

"अठ्ठ्याहत्तर राहिले."

"मग अठ्ठ्याहत्तर किलोमीटरनंतर."

ते हसले आणि साठनं अकोल्याला आले. मावशीआजीच्या इमारतीखाली गाडी लावून ते वाकले आणि मीटर वाचला. "नऊशे बासष्ट. अडतीस राहिले. आज परत जाताना मूर्तिजापूर यायच्या आत हजार होतात. तिथून बडनेऱ्यापर्यंत तुझा हात खांद्यावर नुसता असेल. वाजवायचा नाही."

"नाही वाजवणार," मी म्हटलं.

जेवण झालं. निघताना ते जिन्यापाशी खुर्चीवर बसून हातमोजे घालत होते. उजवा घातला. डावा घालताना बोटं आत जाईनात. ते स्वतःशीच म्हणाले, "हा हात ऐकत नाहीये," आणि माझ्याकडे बघून हसले, तेव्हा तोंडाची एकच बाजू हसली. मावशीआजीच्या शेजाऱ्यांनी आपली कार काढली आणि अर्ध्या तासात आम्ही दवाखान्यात होतो. डॉक्टर म्हणाले, वेळेवर आणलंत. म्हणून आबा आपल्याला आणखी दीड वर्ष मिळाले. पण डाव्या हातात क्लच दाबण्याइतकी ताकद पुन्हा आली नाही.

दवाखान्यातून सुटल्यावर आम्ही अमरावतीला भाड्याच्या कारनं परत आलो. मूर्तिजापूर गेलं, तो सरळ रस्ता आला, ड्रायव्हरनं कार जोरात सोडली. आबा खिडकीतून बाहेर बघत होते. मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि तो तसाच ठेवला. ती संत्रीवाली त्या दिवशी तिथे नव्हती, की कार वेगात असल्यानं मला दिसली नाही, ते सांगता येत नाही.

गाडी अकोल्यालाच राहिली. बॅटरी उतरू नये म्हणून मावशीआजीनं तिकडचा एक मेकॅनिक शोधला. तो महिन्यातून एकदा येऊन गाडी जागेवरच सुरू करायचा. मी एकदा तिथे असताना तो इंजिन ऐकत बसला आणि म्हणाला, "काकू, काका हे एकाच स्पीडनं चालवत होते काय?"

"हो. साठनं. अगदी नियमानं."

"म्हून आवाज असा दबका हाय. नव्या इंजिनले कधी वर, कधी खाली, खेळवा लागते. एका चालीनं नेलं त थे मोकळं होत नाही. हे जुन्या स्कूटरची रीत झाली. पुस्तकात लिहेल असते ना."

मी अमरावतीला आले आणि पुस्तिका काढली. चौकट होतीच. पण पान उलटलं तर पुढच्या बाजूला लिहिलं होतं, की चार हजारांची मर्यादा पाचशे किलोमीटरपर्यंत. त्यानंतर सहा हजार. आणि संपूर्ण काळात वेग एकसारखा ठेवू नये, बदलत राहावा. मी वर्षानुवर्षं पोरांना सांगत आले, पूर्ण उतारा वाचा आणि मगच उत्तर लिहा. मी स्वतः चौकट वाचून पुस्तक मिटलं होतं.

त्या ओळींच्या शेजारी समासात पेन्सिलची एक बारीक तिरकी रेघ होती. आबा नकाशे तपासताना मारायचे तशी.

मी पुस्तिका घेऊन त्यांच्याकडे गेले. तेव्हा ते हळू आणि अडखळत बोलायचे, पण बोलायचे. मी बोट ठेवून विचारलं, "हे तुम्ही केव्हा वाचलं होतं?"

"पहिल्याच... आठवड्यात."

"मग बोलला का नाहीत? पाचशेनंतर सोडता आली असती. दोन रविवार तरी हातात होते."

त्यांनी बराच वेळ शब्द शोधला. "मास्तरीणबाईंचा... तास चालू होता."

मला हसूही आलं आणि रडूही आलं. मी म्हटलं, मेकॅनिकला सांगते, गाडी इकडे चालवत आणून देईल, निदान अंगणात डोळ्यांसमोर राहील. त्यांनी मान हलवली. "नको. अडतीस... माझे आहेत."

म्हणून मी ती आणली नाही. ते गेल्यानंतरही आणली नाही. तुमचे बाबा म्हणतात, उभी राहून गाडी खराब होते, आणि ते बरोबर आहे. त्यांच्यावर रागावू नका. त्यांनी आबांना त्या गाडीवर एकदाही पाहिलं नाही. ती त्यांच्यासाठी फक्त मावशीआजीच्या पार्किंगमधली अडगळ आहे. जो माणूस बघायला आला होता त्यानं मला फोनवर विचारलं, "आजी, गाडी किती पळाली?" मी आकडा सांगितला. तो म्हणाला, "एवढीच? म्हणजे चालवलीच नाही."

तुम्ही विचारलंत, ती किती जोरात पळायची. मला माहीत नाही. तुमच्या आबांनाही कळलं नाही, आणि ते माझ्यामुळे. ते दीड वर्ष मी रोज त्यांना औषध देताना, जेवू घालताना, फिरायला नेताना हेच मनात धरून होते, की एकदा तरी तो रस्ता, तो हात खांद्यावर, आणि मी गप्प. अजूनही दुपारी पडल्या पडल्या मी ते अंतर मनात पार करते. बोरगाव मागे पडतं, मूर्तिजापूरची रेल्वे फाटकं येतात, संत्रीवाली हात करते, आणि मग काटा वर जातो. तिथून पुढे मला काही दिसत नाही, कारण पुढचं मी पाहिलेलं नाही.

आज सकाळी मी तुमच्या बाबांना फोन करून सांगितलं, की विकायची नाही. ते म्हणाले, "मग काय करणार आहेस तिचं?" मी म्हटलं, ते माझं मी बघीन.

मूर्तिजापूरला मागच्या महिन्यात मी बसनं उतरले आणि त्या संत्रीवालीला पेढे दिले. तिनं गाडी कुठे आहे विचारलं. मी सांगितलं. तिनं पेढ्यांचा पुडा कपाळाला लावला आणि एक संत्रं सोलायला घेतलं.

गाडी अकोल्याला आहे. मेकॅनिक दर महिन्याला येतो आणि ती पहिल्या झटक्यात सुरू होते. पुस्तिका माझ्या कपाटात, साड्यांखाली आहे, आणि पेन्सिलची रेघ अजून नीट दिसते. मीटरवर नऊशे बासष्ट किलोमीटर आहेत.