पाळकांना भेटायला जाताना

“पण पाळकाला भेटायला जायचं तर न्यायचं काय?” चर्चच्या पायऱ्यांवर चप्पल शोधता शोधता मेरीमावशींनी विचारलं.

“पेशंटला नेतात तेच. मोसंबी, बिस्किटं,” आमच्या चर्चच्या मंडळीचे सेक्रेटरी सोनवणेकाका म्हणाले.

“ते मला नका शिकवू. तीस वर्षं सिव्हिल हॉस्पिटलात काढलीत मी. पण हे पेशंट नव्हेत, पाळक आहेत!”

काकांच्या खिशात पाळकसाहेबांचं पत्र होतं. नुकतंच उपासनेनंतर काकांनी ते सगळ्यांना वाचून दाखवलं होतं. घशाच्या ऑपरेशननंतर डॉक्टरांनी दोन महिने एक शब्दही बोलायला मनाई केली आहे, पुढेही आवाज कितपत येईल सांगता येत नाही, मुक्या पाळकाचा भार मंडळीवर नको, तरी मला मोकळं करावं. हे पत्र उद्या मुख्य कचेरीला जायचं होतं. त्याआधी एकदा त्यांना भेटून यावं असं ठरलं आणि तिथेच सगळं अडलं. मी जरा लांब, भिंतीला टेकून ऐकत होते. बोलणं ऐकू येईल, पण आपल्याला कोणी काही विचारणार नाही, एवढं अंतर मला बरोबर साधत असे.

आमच्या पाळकसाहेबांना भेटायला कोणीही कधीही गेलेलं नव्हतं, कारण जावंसं वाटायच्या आत ते तुमच्या घरी येऊन बसलेले असत. इतका भेटणारा माणूस रत्नागिरीत दुसरा झाला नसेल. ताप आला, पाळक हजर. ताप उतरला, पाळक हजर. दहावीचा निकाल लागला, नळाला पाणी आलं नाही, मांजर व्यायली, तरी ते डोकावून जात. ते घाटावरचे, नगरकडचे. तिकडच्या सपाटीवर वापरलेली सायकल त्यांनी बरोबर आणली होती. आमच्या गावात रस्ता एकतर चढतो नाहीतर उतरतो. त्यामुळे ते सायकल चालवत नसत, तिला फिरायला नेत. जांभ्याच्या पायऱ्यांची पाखाडी खांद्यावर सायकल घेऊन चढणारा पांढऱ्या सदऱ्यातला धिप्पाड माणूस दिसला, की वर कोणाच्या तरी घरी काहीतरी झालंय असं खुशाल समजावं. “मग ती खालीच का नाही ठेवत?” आईने एकदा न राहवून विचारलं. “उतरताना उपयोगी पडते,” ते म्हणाले. उतरताना ब्रेक लागत नसे, म्हणून ते चालतच येत.

घरात आल्यावर ते हॉलमध्ये बसत नसत. “हॉलमध्ये सगळेच ‘बरं आहे’ म्हणतात. खरं काय ते स्वयंपाकघरात कळतं.” थेट आत जाऊन स्टुलावर बसायचे आणि लसूण मागायचे. सोलायला! आपली नजर आणि हात कामात असले की समोरचा माणूस मोकळा होतो, असा त्यांचा अनुभव होता. एका गड्ड्यात नवऱ्याचं पिणं बाहेर येई, दोन गड्ड्यांत सासूचा जाच. मेरीमावशींकडे त्यांनी पाव किलो लसूण सोलला, तेव्हा कुठे मावशींनी अबोला धरलेल्या भावाला अकरा वर्षांनी फोन लावला. पुढे पुढे आमच्या मंडळीतल्या बायकांनी लसूण सोलायचं सोडूनच दिलं. डब्यात साठवून ठेवत, पाळकांसाठी. चर्चमध्ये त्यांच्या हातून मिळणाऱ्या प्रभुभोजनाच्या भाकरीलाही फोडणीचा वास येतो, अशी सोनवणेकाकांची तक्रार होती.

एकदा मिरकरवाड्यात नव्याने राहायला आलेल्या एका ख्रिस्ती कुटुंबाला भेटायला म्हणून ते निघाले आणि शेजारच्या घरात शिरले. नेहमीसारखे थेट स्वयंपाकघरात. घर मुसलमान खलाशाचं. तिथल्या म्हाताऱ्या बाईंना वाटलं, मुलाच्या ओळखीचं कोणी असेल. यांना वाटलं, माणसं नवीन आहेत, बुजली आहेत. तासाभरात निघालं ते असं, की मुलाचं कुवेतहून तीन महिने पत्र नाही. पाळकांनी डोळे मिटून त्या मुलासाठी प्रार्थना केली. बाईंनीही ओंजळ पुढे धरली. ते निघताना बाईंनी विचारलं, “पन तुमी कोन?” तेव्हा कुठे उलगडा झाला. दुसरा कोणी असता तर शरमून पळाला असता. हे म्हणाले, “पुढच्या महिन्यात येतो, पत्र आलं का बघायला.” आणि गेलेही. तेव्हापासून त्या घरातून त्यांना मासळी येऊ लागली. काट्यांना ते भारी घाबरत, म्हणून ती तशीच आमच्याकडे आणून देत.

माझ्याशी त्यांचं जरा वेगळंच चालायचं. मी इंग्रजी शाळेत शिकलेली. प्रार्थना मनात यायची तीही इंग्रजीतच, आणि पवित्र शास्त्रातलं मराठी वाचताना जीभ अडखळायची. एकदा चुकल्यावर मागून कोणीतरी हसलं होतं, तेव्हापासून चारचौघांत तोंड उघडायचं नाही हे मी ठरवून टाकलं. घरोघरच्या प्रार्थनासभेत एकेकाने मोठ्याने प्रार्थना करायची आमची रीत. माझी पाळी आली की मी मान खालीच ठेवी. ते थोडं थांबत, मग हळूच विचारत, “मनात केलीस ना, बेटा?” मी मान हलवी. “पोचली,” असं म्हणून ते पुढच्याकडे वळत. इतरांना हे माझे फाजील लाड वाटत. मला मात्र त्या एका शब्दावर पुढचा आठवडा काढता येई.

चर्चच्या आतल्या खोलीत एक जुनी लाकडी पाटी आहे. वर ‘पाळकाची कर्तव्ये’. एकूण सतरा. आजाऱ्यांस भेटणे, शोकाकुलांचे सांत्वन करणे, भांडणाऱ्यांत समेट घडवणे, वगैरे. त्याखाली ‘मंडळीची पाळकाप्रती कर्तव्ये’ एवढा मथळा शिल्लक आहे. पुढचं सगळं वाळवीने खाल्लं. तिथे काय लिहिलं होतं हे कोणाला आठवत नाही, आणि वाळवीवर कोणाचा विशेष रागही नाही. पाळकसाहेबांच्या पत्नी जाऊन बरीच वर्षं झाली होती. मुलगी लग्न होऊन नागपूरला. ते एकटे काय रांधतात, ताप आला तर कोणाला सांगतात, हे आम्ही कधी विचारलं नव्हतं. कोल्हापूरहून ऑपरेशन करून ते परत आले त्याला त्या रविवारी नऊ दिवस झाले होते. नऊ दिवस मंडळीतलं प्रत्येक घर त्यांची वाट पाहत होतं. बरं वाटलं की येऊन सांगतील, असा सगळ्यांचाच समज!

अखेर दुपारी आम्ही सात जण मोसंबी घेऊन गेलो. दार त्यांनीच उघडलं. गळ्याला पट्टी, आणि तो धिप्पाड माणूस आपल्याच सदऱ्यात सैल झालेला. खुर्च्या दोनच होत्या. सोनवणेकाका एकीवर बसून खच्चून ओरडले, “कसं वाटतंय आता?”

“अहो, घसा गेलाय त्यांचा, कान नव्हे!” मेरीमावशी म्हणाल्या.

पाळक खांदे हलवून हसले, आत गेले आणि आमच्यासाठी चहा टाकला. आम्ही टाकू दिला. चहाबरोबर सगळ्यांची जीभ सुटली. एकीचे गुडघे, एकाच्या मुलाची नोकरी, सोनवणेकाकांची झोप. ते प्रत्येकाकडे वळून मान डोलवत होते. बोलता येत नसल्यामुळे उलट त्यांना मधे थांबवताही येत नव्हतं. तास असा गेला. मग काकांनी खिशातून पत्र काढलं, घडी नीट केली. “मग हे उद्या पोस्टात टाकतो,” म्हणाले. पाळकांनी मान हलवली. पत्र पुन्हा खिशात गेलं.

“चला, प्रार्थना करून निघू या,” मेरीमावशी म्हणाल्या.

सगळ्यांनी डोळे मिटले, माना खाली घातल्या आणि नेहमीप्रमाणे वाट पाहू लागले. पाळकांनी सुरुवात करण्याची! अर्धं मिनिट गेलं. कोणीतरी खाकरलं. तरी चूक कोणाच्या लक्षात येईना. मी डोळे उघडले. त्यांचे ओठ हलत होते, आवाज नव्हता, आणि हात गळ्यावरच्या पट्टीवर गेला होता. त्या खाली घातलेल्या डोक्यांवरून त्यांची नजर एकेक करत फिरली आणि माझ्या उघड्या डोळ्यांशी येऊन थांबली. क्षणभरच. मला अवघड वाटू नये म्हणून त्यांनी लगेच ती आपणच खाली घेतली.

ते मला सहन झालं नाही.

“हे देवा,” मी म्हणाले, आणि खोलीतले सगळे दचकले. “यांच्यासाठी काय मागायचं ते आम्हाला माहीत नाही, कारण आम्ही यांना कधी विचारलंच नाही. यांना आवाज दे, पण घाई नाही, सावकाश दे. तोवर उपदेश हे लिहून देतील आणि मी वाचीन. वाचताना चुकेन, तेव्हा कोणी हसलं तर हसू दे. यांच्याऐवजी घरोघरी भेटायला बाकीचे जातील. उद्यापासून रोज एक जण यांच्याकडे येईल, आणि चहा तो येणारा करील. फक्त ते पत्र तेवढं पोस्टात पडू देऊ नकोस. आमेन.”