कॅटफिश दिसला का?

पाण्यात वीज सोडायची, गुंगी येऊन मासे वर तरंगले की जाळीनं उचलायचे, ओळखायचे, मोजायचे आणि शुद्धीवर आले की परत सोडायचे. लॅकलन नदीत कोणते मासे असायला हवेत आणि कोणते उरलेत, यावरून तिची तब्येत ठरते. होडीच्या टोकाशी उभं राहून जाळी मारायचं हे काम ग्लेनिसनं इतकी वर्षं केलं, की आता सकाळी तिच्याआधी तिचा उजवा खांदा जागा होतो. केस पिकले, नदी काही सुधारली नाही. दर मोसमात तेच, कार्प, कार्प आणि कार्प. हा उपरा मासा परत सोडायचा नाही, मारून टाकायचा. संध्याकाळपर्यंत अंगाला असा वास मारायचा की तिला स्वतःचाच वीट यायचा.

घरी म्हातारा बाप, क्लॅरी. उभा जन्म याच नदीत मासेमारी केली. आता पाय गेले, खिडकीशी बसून असायचा. ग्लेनिस मोसम संपवून परतली की त्याचा एकच प्रश्न, कॅटफिश दिसला का? बाम माशासारखी शेपटी, ओठांना मिशा, तळाशी खड्यांचं गोल घरटं करून अंडी राखणारा हा मासा त्याच्या तरुणपणी पैशाला पासरी होता. या पट्ट्यात तो कुणाला दिसून जमाना लोटला. ग्लेनिस नाही म्हणायची, आणि म्हातारा म्हणायचा, पुढच्या वर्षी बघ. यंदा डॉक्टरीणबाईंनी पुढच्या वर्षाचा विषयच टाळला होता.

मोसमाचं शेवटचं वळण. होडी हाकणाऱ्या आणि नोंदी करणाऱ्या डेमियननं पडलेल्या झाडापाशी बटण दाबलं. गढूळ पाण्यात दोन कार्प उताणे झाले. त्यांच्यामागे काहीतरी काळपट, निमुळतं वळलं आणि खोडाखाली गेलं. ग्लेनिसनं सगळा जोर लावून जाळी घातली. खांद्यातून कळ गेली. जाळीत नुसत्या काटक्या.

नियम असा, की मासा हाती लागला नाही, पण नक्की ओळखू आला, तर तोही मोजणीत धरायचा. नक्की म्हणजे नक्की. नव्या लोकांना हे ग्लेनिसच शिकवायची, आणि कुणी उगाच ठोकून दिलं तर त्याची बिनपाण्यानं करायची.

"कॅटफिश होता का गं?" डेमियननं विचारलं. मग त्यानं आवाज खाली आणला. "तू नुसतं हो म्हण. मी लिहितो."

बिचारा चांगल्या मनानं म्हणत होता. क्लॅरीचं त्याला माहीत होतं. एका शब्दानं या पट्ट्याचा शेरा जरा वर गेला असता, आणि घरी म्हाताऱ्याचा चेहरा उजळला असता. ग्लेनिसनं डोळे मिटून ती शेपटी पुन्हा पुन्हा आठवली. जितकी आठवली, तितकी ती तिला हवी तशी होत गेली. तिथंच ती घाबरली.

"काटक्या आहेत," ती म्हणाली. "कार्प घे वर."

घरी येऊन तिनं मटणाचं सूप गरम केलं, बापापुढे ठेवलं. त्यानं नेहमीचा प्रश्न विचारला. खोटं बोलण्याइतकंही त्राण तिच्यात उरलं नव्हतं.

"एक शेपटी दिसली, बाबा. तशीच वाटली."

म्हाताऱ्याचा चमचा हवेतच राहिला. इतका आनंद तिनं त्याच्या तोंडावर कित्येक वर्षांत पाहिला नव्हता.

"लिहिलंस?"

"नाही. खात्री नव्हती."

त्यानं चमचा तोंडात घातला, सावकाश गिळला.

"मग नाही दिसला," तो म्हणाला.

नंतर त्यानं मान वर केली नाही. सूप संपवलं, पावानं वाडगा पुसून घेतला. ग्लेनिसला वाटलं होतं, निदान आजची रात्र तरी तो ती शेपटी उशाशी घेऊन झोपेल. तिला रडूसुद्धा येईना, इतकी ती थकली होती. ती वाडगा उचलायला वाकली, तेव्हा त्यानं तिच्या दुखऱ्या खांद्यावर हात ठेवला.

"पुढच्या वर्षी बघ हं, पोरी."

"बघते," ती म्हणाली.