वीतभर वरची रेघ
तेलात कालवलेल्या कुंकवाचा वास आला की मला अजून पंचगंगेचं पाणी आमच्या सोप्यात शिरताना दिसतं. महाराजांच्या राज्यातली गोष्ट. ज्येष्ठात लग्न होऊन मी सासरी आले, त्याच पावसाळ्यातली. पाणी तांबूस, संथ, आपल्याच घरात आल्यासारखं. शेजारचे पिंजारी चाचा गूळ आटवायच्या काहिलीत बसून, बांबूनं रेटत, गल्लीतल्या म्हाताऱ्यांना उंचावर पोचवत होते आणि ती काहील स्वप्नातल्यासारखी गोल गोल फिरत दारावरून जात होती. आमच्या घरची रीत अशी, की पाणी जिथवर चढलं तिथं सुनेनं भिंतीवर कुंकवाची रेघ ओढायची. मग नदी ती ओलांडत नाही. ओलांडलीच, तर सून पांढऱ्या पायाची. सासूबाईंनी हातात वाटी दिली. "वढ की गं, भ्यायचं काय त्यात?" गुडघाभर पाण्यात उभी राहून मी चांगली वीतभर जागा सोडून, वर रेघ ओढली. दुपारनंतर पाणी आणखी चार बोटं चढलं आणि थांबलं. सासूबाई भिंतीकडं बघत राहिल्या, मग माझ्याकडं. "कुणाला सांगू नगंस," एवढंच म्हणाल्या. पुढं दर दिवाळीला भिंत रंगवताना ती रेघ तेवढी जपली गेली. आता नातवंडं आल्यागेल्याला ती दाखवतात, "महाराजांच्या वेळचा पूर हितपर्यंत आलता." मी मान हलवते. पाणी तिथवर कधी आलंच नव्हतं. तिथवर माझी भीती चढली होती.