कुरुंदवाडचा मोर आणि देशमाने सर

रविवार, सकाळी दहा. हजर : सरांच्या पत्नी मालतीवहिनी, सरांची माजी विद्यार्थिनी स्नेहल, जी आता सरांच्याच वारसा जतनाच्या अभ्यासक्रमाला शिकवते, आणि मी, अभ्यासक्रमाची समन्वयक. जागा : सरांची खोली, राजारामपुरी. देशमाने सर जाऊन पाच आठवडे झाले होते आणि त्यांच्या स्मरणिकेसाठी आम्ही कागद लावत होतो. यादी अर्थात मीच केलेली. तिसऱ्या कप्प्यात स्नेहलला एक बंद पाकीट सापडलं आणि यादी बाजूला पडली. आत मोराचे फोटो होते... आम्ही तिघी जमिनीवरच बसलो.

काही वर्षांपूर्वी महापूर ओसरल्यावर आम्ही मुलांना घेऊन कुरुंदवाडला जुन्या घरांच्या नोंदी करायला गेलो होतो. सुतारकाम करणाऱ्या रज्जाकभाईंच्या स्वयंपाकघरात ओलीनं चुन्याचा गिलावा सुटला होता आणि त्यामागून जुन्या भिंतीचित्रातला निळा मोर डोकावत होता. मोरापलीकडं घोडा, घोड्यावर भाला घेतलेली बाई... संमतीपत्रांचा गठ्ठा माझ्या पिशवीत होताच. रज्जाकभाईंनी लगेच सही केली, फोटो काढून झाले, मी यादीत खूण केली. काम फत्ते.

सर मात्र चुलीपाशी उभ्या असलेल्या शमीमभाभींकडं वळले. "भाभी, तुमचं काय म्हणणं?"

"मला कोण इचारतंय? सही त्येंनी केली. हितं भाकऱ्या मी थापतो."

"म्हणून तर विचारतोय."

"मग न्हाई. फोटो छापला की माणसं बघाय येणार. दारातल्या पावण्याला जा म्हणता येत न्हाई. मी चूल काय रस्त्यावर मांडू?"

"मग नाही छापायचं," सर म्हणाले.

स्नेहल तेव्हा पहिल्या वर्षाला. ती रडकुंडीला आली. "सर, असली भिंत परत घावंल का?"

"मोर इतकी वर्षं गिलाव्याखाली गप बसला. तुलाच घाई झाली व्हय?" सगळे हसले, भाभीसुद्धा.

परतताना गाडीत मी चांगलीच चिडले होते. या एका भिंतीवर सरांचं नाव देशभर झालं असतं. सर एवढंच म्हणाले, "मॅडम, आपण घर कुणाच्या नावावर आहे ते विचारलं. त्या खोलीत दिवस कोण काढतं, ते विचारलंच नाही." पुढच्या तुकडीपासून संमतीपत्रावर दोन सह्या आल्या. आणि सर दर हिवाळ्यात मुलांना घेऊन कुरुंदवाडला जात राहिले. गिलाव्याच्या सुटलेल्या कडा चुन्यानं भरून घ्यायच्या, मग विचारायचं, "भाभी, अजून नाहीच?" "न्हाईच सर. च्या घ्या." आणि जिंकून आल्यासारखे परतायचे. मला ते कधी कळलं नाही. त्या रविवारी फोटो हातात घेतल्यावर थोडं कळलं.

स्मरणिकेच्या मुखपृष्ठावर मोरच हवा, यावर आमचं तिघींचं एका मिनिटात एकमत झालं. मी तिथूनच रज्जाकभाईंना फोन लावला.

"छापा की मॅडम. सरांसाठी काय बी."

स्नेहलनं टाळी वाजवली. माझं पेन कागदावर टेकलंसुद्धा होतं. मग मी विचारलं, भाभी कुठं आहेत?

"बाजारला गेलीया."

छपाईला मजकूर गेला, कागद ठरला, प्रकाशनाची जागा ठरली. मुखपृष्ठ कोरं आहे. भाभींना विचारायला कुरुंदवाडला जायचं राहिलंय.