डबीवरचं कुंकू

मंडळी, आज लई लाज वाटतेय, म्हणून इथंच कबूल करतो.

बिडकीनला आत्याच्या विहिरीवरची मोटार मोबाईलवरून चालू व्हावी म्हणून मी एक डबी बनवून दिली होती. आज सकाळी तिच्यातला सर्किट बोर्ड जळाला. जाऊन बघतो तर डबीवर हळदीकुंकू! देवपूजा झाली की आत्या रोज तिलाही लावायची.

"तुझ्या कुंकवाचं पाणी आत गेलं, आत्या! मशीन हाय का देव?" शेजाऱ्यांसमोर ओरडलो मी.

"चुकलं बाबा," म्हणत तिनं पदरानं कुंकू पुसलं.

दुपारी डबी घरी आणून उघडली. आत पाण्याचा थेंब नव्हता. मोटारीकडचा झटका बोर्डापर्यंत येऊ नये म्हणून मी मध्ये ऑप्टोकपलर बसवला होता. त्यातून निरोप उजेडानं जातो, वीज ओलांडत नाही. पण दोन्ही बाजूंचे ग्राउंड, म्हणजे वीज परत जायच्या तारा, मीच एका वायरनं जोडून ठेवल्या होत्या; झटका तिच्यातूनच थेट बोर्डात शिरला. भिंत बांधली आणि दार सताड उघडं ठेवलं. आणि या इलेक्ट्रॉनिक्सच्या ग्रुपवर तुम्हाला हेच शिकवतो मी!

बोर्ड उद्या नवा बसेल. पण "आत्या, परत कुंकू लाव" हे कोणत्या तोंडानं सांगू?